मामांची कैची

अगं, आमच्या मामांच्या कैचीचं सांगितलं का तुला? मामा म्हंजे माझे सासरे. आमच्या पोपटाचे पंख कापायला त्यांनी मुखेडच्या बाजारातून खास कैची आणली होती. "रोज पिंजरा उघडा ठेवतीस, एक दिवस उडून जाईल बघ," ते म्हणायचे.

मी म्हणायचे, "जाऊ द्या. पण पंखाला हात लावू देणार न्हाई."

अन् एक दिवस उडालाच की! समोरच्या लिंबाच्या शेंड्यावर जाऊन बसला.

मामा ओट्यावरून ओरडले, "गेला! बोलाव आता तुझ्या लाडक्याला!"

मी बोलावलंच न्हाई. गुमान भाकरी थापायला बसले. पहिल्या भाकरीचा तुकडा रोज त्याचाच असतो. परातीत थापेचा आवाज सुरू झाला, तसा पोपट खिडकीतून सरळ आत आला अन् पिठाच्या डब्यावर बसला.

मामा कैची घेऊन दारात हजर. "धर त्याला! आता तरी कापू."

मी पिठाच्या हातानंच कैची काढून घेतली. म्हणलं, "मामा, जाताना त्याचे पंख दिसले तुम्हाला. वापस काय एसटीनं आला का तो?"