करकोच्याच्या डोक्यात

डोळ्यांत औषधाचे थेंब. मांडीवर नातीचा इंग्रजी शब्दकोश. भिंतीवर लहान लहान होत जाणारी अक्षरं. बंदरावर क्रेन चालवणारा नवरा डोळे मिटून तपासणीची वाट बघत होता. बायको त्याला वाचून दाखवत होती.

"अहो, क्रेन म्हणजे करकोचा! पक्षी!"

"तीस वर्षं पक्ष्याच्या डोक्यात बसलो, आणि मलाच पत्ता नाही?"

"पुढे लिहिलंय, मान लांब करून बघणे."

"तेच तर काम. खाली माणसं उभी असतात गं, ती दिसायला नकोत?"

"डॉक्टर पास करतील. उद्या चढाल परत."

"आणि नाही केलं तर?"

"तर माळ्यावरचे डबे काढून द्या. मान आहेच लांब."

तो खुदकन हसला.

केबिनची किल्ली त्यानं सकाळीच नव्या ऑपरेटरच्या हातात ठेवली होती.