पार्ट मागवावा लागेल

सक्करदऱ्यातल्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात वेदिका बाकावर नंबराची वाट पाहत बसली होती. तिच्यापुढे एक काका-काकू रोहित मेकॅनिकला आपला लॅपटॉप दाखवत होते.

"चालूच नाही होऊन राहिला गा. बटन दाबून दाबून बोट दुखाले लागलं."

"चार्जर लावून पाहिला काय, काका?"

"सगळं करून पाह्यलं. लाइटच नाही लागत."

"थकला असन बिचारा. रिटायर झाल्यापासून हे दिवसभर त्याच्यातच तोंड खुपसून बसतात."

"तू चूप राय वं."

बाहेरून कोणीतरी गाडी बाजूला घ्यायला सांगितलं, म्हणून काका स्कूटर हलवायला गेले. रोहितनं दुकानातला चार्जर लावला आणि स्क्रीन उजळला.

"काकू, लॅपटॉप तर ठीक आहे."

काकूंनी झाकण पटकन मिटलं.

"मले माहीत आहे. आमच्या चार्जरची वायर मीच ढिली करून ठेवली."

"काहून?"

"परवापासून माह्यासंगं बोलून राहिले ते. काल तर मेथीबी निसून देली. आठ दिवस ठेव बाबू इथंच. सवय लागन त्याहिले."

काका परत आले.

"काय निघालं गा?"

वेदिकानं डोकं मोबाईलमध्ये घातलं.

"पार्ट मागवावा लागेल, काका. आठ दिवस तरी जातील," रोहित म्हणाला.

"जाऊ दे ना. घाई कोणाले आहे? चाल वं, तलावाकडून जाऊ. तुह्या मावशीच्या भांडणाची गोष्ट काल अर्धीच राह्यली."