बाबांनी रोखलेला श्वास

जंगलातल्या माणसाला छातीच्या स्कॅनसाठी पोंभुर्ण्याहून चंद्रपूरपर्यंत पळवायचं, आणि वर त्या मशीनला हिंदीतच बोलायला शिकवायचं, हे ज्यांनी ठरवलं ना, त्यांना एकदा त्यात झोपवलं पाहिजे! हसू नका, ऐका.

त्या सकाळी मोहफुलं वेचताना बाबांवर अस्वल धावून आलं. आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात तसे बाबा श्वास रोखून मेल्यासारखे पडून राहिले. अस्वलानं हुंगलं आणि ते निघून गेलं, म्हणून वाचले. पण फासळ्या मोडल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसाला भोक पडलं असेल तर आत्ताच कळलं पाहिजे."

सीटी स्कॅनचं मशीन घुरघुरायला लागलं. आतून आवाज आला, "साँस रोकिए." बाबांनी श्वास रोखला. मशीन थांबलं. "साँस लीजिए." बाबा तसेच.

"काका, घ्या ना श्वास आता!" काचेमागून टेक्निशियन ओरडला. छाती हलेना.

मी आत धावलो. "बाबा! ओ बाबा!" पाय हलवले, गाल थोपटले. मी जितका हलवीन तितके बाबा लाकडासारखे ताठ. "गेले हो," म्हणत मी रडायलाच लागलो.

नंबरची वाट पाहत दाराशी बसलेली, मघाशी माझ्याकडून अस्वलाची सगळी हकीकत ऐकलेली एक म्हातारी आत डोकावली. "हालवू नको गा पोरा, तो अजून घट्ट पडन. अस्वल गेलं म्हण त्याले."