बेणे कापायची विळी

जबाब, दिनांक २१ जानेवारी १९७४

मी मथुराबाई रावजी टकले, वय अंदाजे ४५, धंदा शेतमजुरी, राहणार मौजे धायटेवाडी, तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर. समक्ष हजर होऊन सांगते की,

मी वरील ठिकाणी दीर-जावेच्या शेजारी एकटी राहते. बटाट्याच्या लागणीआधी बेणे कापायला गावात मलाच बोलावतात. माझ्या हाताला यश आहे असे तेच लोक म्हणत आले, मी नव्हे. विळी माझी स्वतःची आहे. हंगाम संपेपर्यंत तिला पाणी लावायचे नाही, नाहीतर बेणे कुजते, अशी आमच्याकडे रीत आहे. म्हणून मी ती धूत नाही.

यंदा दिवाळीनंतर मी आधी मानसिंग गुळवे यांचे घरी राखलेले बेणे कापले, मग त्याच विळीने इतरांचे. पुढे त्या सगळ्यांच्या रानात पाने चितकबरी पडून आक्रसली. उकरून पाहिले तर बटाटे सुपारीएवढे. गावातल्या येसूबाईने बारके बटाटे न कापता अख्खेच लावले होते, तिचे रान हिरवेगार राहिले. तेव्हापासून मी करणी केली असे लोक बोलू लागले. मी विहिरीवर गेले की बाया घागरी उचलून जातात.

काल मानसिंग यांच्या ओट्यावर बैठक बसली. येत्या अमावास्येला मी उकळत्या तेलात उजवा हात घालून खरेपणा दाखवावा असे ठरले. कढई माझी जाऊ शिवबाई हिच्याकडून नेली. तिने ती घासून दिली.

आज सकाळी शेतकी खात्याचे साहेब गावात आले. त्यांनी सांगितले की रोग मानसिंग यांच्या बेण्यातच होता, आजारी बटाट्याचा रस पात्याला लागून चांगल्या बटाट्यात जातो, यात करणी वगैरे काही नाही. मला वाटले, सुटले बाई. पण साहेबांची जीप जाताच मानसिंग म्हणाले, "सायबबी त्येच म्हनला की. हिच्याच हातानं रोग समद्या रानात गेला." लोकांनी माना डोलावल्या. शिवबाईही तिथेच होती.

मी घरी न जाता विळी घेऊन तशीच चालत इथे आले. मला फार भीती वाटते. विळी ठाण्यात जमा करत आहे, तिचे काय करायचे ते करा. अमावास्या परवा आहे. तोवर मला गावी पाठवू नये. मी आवारात झाडलोट करीन.

हवालदारांनी जबाब मला वाचून ऐकवला, तो माझ्या सांगण्याबरहुकूम खरा आहे. पहिला ठसा पुसट उठल्याने उजव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा दुसऱ्यांदा घेतला.