खोल्याखोल्यातली लग्नपत्रिका

माह्यं नाव सुमन, माहेर मौद्याकडच्या एका खेड्यातलं. आता तिथं गेलं का शेतातून वीज केंद्राचं धुराडं दिसते, पण मी लहान होती तवा काईच नव्हतं, घरात एक बल्ब होता आन् माहा बाप तो बी लावू देत नव्हता, म्हणे डोळे आहेत ना तुले, दिसते ना, मंग कायले पाहिजे? खोलीतून बाहेर पडलं का बटन बंद, हे मले बापानं शिकवलं, आन् त्याच बापाची पोरगी मी, काय करून बसली ते ऐका ताई, मले तं सांगतानाच हसू येऊन राहिलं.

लग्न होऊन कामठीले आली. नवरा पॉवरलूमवर, चांगला माणूस आहे, बोलत नाई जास्त. पोरी दोन, वर्षा आन् निशा. त्या शाळेत जायले लागल्या तवा मी नागपूरले हॉटेलात लागली, इतवारीच्या बाजूले, खोल्या साफ कराचं काम, शेअर ऑटोनं येणं-जाणं. तीन माळ्याचं हॉटेल, माल घ्यायले येणारे व्यापारीच जास्त उतरतात. संगं कुसुम, तिचा नवरा वारला, दोन लेकरं, सारं घर तिच्या एकटीच्या कामावर.

आता काय सांगू तुमाले, त्या खोल्यायमंधी दाराजवळ एक खाच असते. पाहुणा चावीचं कार्ड त्यात टाकते तवा लाईन सुरू होते, कार्ड काढून बाहेर गेला का सारं बंद. आमच्याजवळ दार उघडाची चावी, पण ते कार्ड नाई, एसी आमच्यासाठी नव्हताच. आन् काम कराची रीत अशी, का खालून सुरू कराचं आन् वर जाचं. तिसऱ्या माळ्यावर पोचेपर्यंत दुपार, वरून स्लॅब तापलेला, खिडकीतून ऊन आत, कारण पडदे उघडे ठेवाचा हुकूम होता, खोली उजेडाची दिसली पाहिजे म्हणे. नागपूरचा मे महिना तुमाले माहीत आहे. अशीच कितीक सालं गेली, पोरी मोठ्या झाल्या, आन् एका दुपारी कुसुम बाथरूम घासता घासता चक्कर येऊन पडली. मले राग आला, लय राग आला. वर्षाचं लग्न नुकतंच झालं होतं, पत्रिका उरल्या होत्या, चांगल्या जाड कागदाच्या. मी घरी कैची घेतली, कार्डाच्या मापाचे तुकडे केले आन् दुसऱ्या दिवशी एक तुकडा खाचेत टाकून पाह्यला. चालू झाला ना एसी. त्या खाचेले काय समजते, चावी होय का लग्नपत्रिका.

मंग काय, तिसऱ्या माळ्याच्या आठही खोल्यायमंधी पत्रिका, पार आत दाबून, बाहेरून दिसू नाई अशी. रोज कोण काढते? काढल्याच नाई. काउंटरवरचे बी खुश, पाहुणे म्हणत खोली कशी थंडगार आहे. खोली रिकामी असो का भरली, एसी आपला चालून राहिला.

असं साल-दीड साल चाललं. मंग मालकानं आमाले बोलावलं, म्हणाले लाईट बिल झेपून नाई राहिलं, तिसरा माळा बंद करतो, एकच बाई पुरे आता, कुसुमले दुसरीकडं पाहू द्या. त्याच्या आधी त्यायनं एक इंजिनेर पोरगी आणली होती तपासाले. तिनं बल्ब बदलले, गिझर पाह्यले, तीन दिवस हातात मीटर घेऊन हिंडली. त्या वक्ती ती बी तिथंच उभी, म्हणे काका, वरच्या खोल्या रिकाम्या, तरी करंट जाऊन राहिला, कळत नाई काहून. मी तिथंच पोछा घेऊन उभी. कुसुम हळूच म्हणे, चूप राय वं, तुलेच काढतील. पण चूप राह्यली तं कुसुम जाते, सांगितलं तं मी जाते. पत्रिका गुपचूप काढून टाकल्या असत्या, पण मालक तं माळा बंद कराचं ठरवूनच बसले होते. त्या दुपारी जेवणाचा डबा उघडला नाई मी.

संध्याकाळी तोच डबा रिकामा केला आन् आठही तुकडे त्यात भरून मालकाच्या टेबलावर ठेवला. मालकानं एक उचलला, अर्धा गणपती, खाली चि. सौ. कां. वर्षा. चष्मा लावून वाचलं. म्हणाले सुमनबाई, लग्नाले तं बोलावलं नाई तुम्ही मले, आन् पत्रिका माह्या खोल्याखोल्यात? इंजिनेर पोरगी तोंडावर हात ठेवून हसे. मालक नाई हसले, म्हणाले काहून केलं? मी कुसुम पडली ते सांगितलं, आन् तोंड उघडलंच होतं तं सारंच सांगून टाकलं, म्हटलं मालक, आपण खालून वर कायले जातो, वरून खाली येऊ ना, सकाळी वरचा माळा थंडा राहते, रिकाम्या खोल्या तवाच करू आन् पडदे लावून टाकू, उन्हात पडदे उघडे ठेवून एसी लावणं म्हणजे चुलीवर गंजात पाणी ठेवून वरून पंखा घालणं होय. पोरगी म्हणे काका, एक महिना पाहू.

आन् ताई, महिन्यानं बिल आलं, तं मालक स्वतः ते हातात घेऊन तिसऱ्या माळ्यावर आले, लिफ्टनं नाई, पायऱ्यायनं, धापा टाकत. कुसुमले म्हणाले, राय तू. बस, एवढंच. आम्ही दोघी तिथंच पायरीवर बसून रडलो आन् हसलो. आज माहा बाप असता तं त्याले सांगितलं असतं, बाबा, आता पूर्ण हॉटेलाचे बटन मीच बंद करते. नव्या बाया मले चिडवतात, आली वं पडदेवाली. म्हणू दे.

आता निशाचं जमलं. परवा पत्रिका आल्या, पहिली देवापुढं, दुसरी मालकाले, तिसरी त्या इंजिनेर पोरीले, देव तिचं भलं करो. तुमचीही आणली आहे, या कामठीले, जेवूनच जा. मालकानं पत्रिका हातात घेतली, उलटीसुलटी करून पाह्यली, आन् पहिलं काय विचारलं तं, सुमनबाई, यातल्या उरणार किती? म्हटलं मालक, एक बी नाई उरणार, यावेळी मोजून छापल्या.