कळस आणि वड

दाभोळच्या एसटीच्या रांगेत मनस्वीच्या पुढे कुबडी टेकलेले एक म्हातारे आणि त्यांची लेक उभे होते. लेकीच्या मोबाईलच्या पडद्यावर विकायला असलेले दोन इवलेसे कॅमेरे दिसत होते.

"उद्या आपली होडी विकत घ्यायला गिऱ्हाईक यायचंय, नि तू कॅमेरे कसले बघतेस गो?"

"हे कपाळाला बांधायचे, आबा. हात जाळ्याला मोकळे. ह्याचा व्हिडिओ बघा, लाटांवरसुद्धा हलत नाही."

"लाटा मी जन्मभर बघितल्या. फोटो कुणाचा बरा?"

"त्या दुसऱ्याचा."

"त्यात डोंगर केवढासा दिसतो! देवळाचा कळस नि डोंगरावरचा वड एका रेषेत आले की तिथं जाळं टाकायचं. वड एवढासा दिसला तर काय कळणार?"

"सेटिंग बदललं की जवळ येतो. हा बघा."

"हां, आता झाड झाडासारखं दिसतं."

"होडी मी नेईन, रोज फोटो आणीन. तुम्ही घरी बसून चुका काढा."

"त्या तर काढीनच. पहिला फोटो बंदराकडे तोंड करून काढ. परतीची वाट आधी शिकायची."

गाडी लागली. मनस्वीने म्हाताऱ्यांची पिशवी उचलून आत ठेवली.

"आणि उद्याचं गिऱ्हाईक, आबा?" लेकीने विचारलं.

"सांग त्याला, होडी समुद्रावर गेलीय."