मिस्टर डग्लसवर बहिष्कार

गुणवंतराव : म्हणून समितीनं एकमतानं ठराव घेतला, प्रफुल. आजपासून तू बंद.

प्रफुल : बंद म्हणजे, भाऊ? मी काय पंखा हाये बंद व्हाले?

गुणवंतराव : तू म्हणजे तुझी भूमिका. नाट्यमंडळाचा अध्यक्ष या नात्यानं सांगतो, यंदा मंडईच्या जत्रेतल्या नाटकात मिस्टर डग्लस राहणार नाही. अमेरिकेनं आपल्या मालावर कर लावला, आपण अमेरिकेच्या मालावर बहिष्कार टाकला. गावभर फिरलो आम्ही.

प्रफुल : मालूम हाये. झिंगूच्या दुकानात तेलाचा पिपा उलटा केला तुमी.

गुणवंतराव : कॅनडातबी लोक तसंच करून राह्यले. दुकानात जाते, अमेरिकेचा डबा दिसला का उलटा ठेवते. मी मोबाईलवर पाह्यलं.

प्रफुल : त्याइच्या डब्याले झाकण असन, भाऊ. झिंगूच्या पिप्याले नव्हतं.

सुगंधाबाई : अन् तेल निंगालं इथल्याच मूल गावच्या घाण्याचं! अजून फरशी पुसून राह्यला बिचारा. गिऱ्हाईक दारात पाय ठेवते अन् सिधं तांदळाच्या पोत्यावर जाऊन बसते. अन् आमच्या याइले चळवळ सुचते.

गुणवंतराव : चळवळीत थोडंफार सांडतेच. मुद्दा तो नाही. मुद्दा असा, का अख्ख्या गावात अमेरिकेचा माल सापडलाच नाही. कोल्ड्रिंकची एक बाटली सापडली, तर तिच्यात फिनाईल. आपल्या मंडळातल्या डोमाच्या अंगावर न्यूयॉर्क लिहिलेलं टीशर्ट सापडलं, आतून पाह्यलं तर चिठ्ठीवर तिरुपूर. समितीले लाज वाटली, प्रफुल. बाजूच्या गावात निदान मास्तरच्या घरी मक्याच्या लाह्यांचा अमेरिकेचा डबा निंगाला. त्याइनं त्या डब्याची बँड लावून मिरवणूक काढली अन् बहिष्कार टाकला. आपल्या गावात टाकाले काहीच नाही. म्हणजे आपण किती मागास!

प्रफुल : मंग?

गुणवंतराव : मंग डोमाले आठवलं. म्हणे, भाऊ, गावात अमेरिकेचा एकच माल हाये, अन् तो आपल्याच नाटकात हाये.

प्रफुल : मी?

गुणवंतराव : तू.

प्रफुल : अवो भाऊ, पण डग्लस त खलनायक हाये ना! आपल्या जंगलातला सागवान चोराले येते अन् तिसऱ्या अंकात अख्खं गाव त्याले चपलेनं हाणते. अमेरिकेले इतका मार दुसरीकडं कुठी भेटते, सांगा बरं.

गुणवंतराव : मार तिसऱ्या अंकात भेटते. पह्यल्या अंकात टाळ्या भेटते, त्याचं काय? तालमीत पाह्यलं मी. गावातले पोट्टे तुह्यासारखे चालून राह्यले, तुह्यासारखं ‘ओक्के डार्लिंग’ म्हणून राह्यले. काल सोमारीबाईनं वांग्याचा भाव पाडून मांगतला, त भाजीवाला काय म्हणते? ओक्के डार्लिंग!

सुगंधाबाई : बाप्पा! मंग सोमारीनं वांगे नाई घेतले?

गुणवंतराव : घेतले. दुप्पट घेतले. हेच त म्हणून राह्यलो मी! याले म्हणते परदेशी मालाची मागणी.

प्रफुल : बरं, मंग माह्यासाठी दुसरं काम कोणतं?

गुणवंतराव : झाड.

प्रफुल : झाड?

गुणवंतराव : सागाचं. पह्यल्या अंकात उभं राहाचं, दुसऱ्या अंकात पडाचं. मोठी भूमिका हाये. नाटकच त्याच्यावर हाये.

प्रफुल : बोलाचं काय?

गुणवंतराव : झाड बोलते काय, लेका?

प्रफुल : पडताना तरी?

गुणवंतराव : तो आवाज डोमा मांगून काढन. अन् हे डोकं काऊन बांधून बसला तू? ऊन कुठी हाये इतकं? सोड तो दुपट्टा.

प्रफुल : नोका पाहू, भाऊ.

गुणवंतराव : सोड म्हणलं ना... अरे देवा! हे काय केलं?

प्रफुल : सोनेरी. डग्लससाठी. न्हाव्याले पुसलं, कवा उतरन, त म्हणे उतरन तवा उतरन. घरची म्हैस मले वळखत नाई. माय धार काढाले बसली का मले घराच्या मांगं उभं राहा लागते, नाई त पान्हवतच नाई. अन् सोनेरी केसाचं सागाचं झाड मी त कुठी पाह्यलं नाई.

सुगंधाबाई : पिकलेलं पान समजन लोक.

प्रफुल : बाई, तुमी हासून राह्यल्या. इथी माह्या लग्नाचा सवाल हाये! भाऊ, नदीपल्याडून पाहुणे येऊन राह्यले नाटक पाहाले. पोरीले मी पसंत हाये. पोरीच्या बापानं शरत घातली. म्हणे, मी कोणत्याबी नाटकात झोपतोच. ज्याचं काम पाहून माही झोप उडन, त्याले पोरगी देतो. आता तुमीच सांगा, पडलेल्या झाडाकडं पाहून कोणाची झोप उडते? उलट लागते.

गुणवंतराव : मी तुह्या भावना समजतो. पण देश आधी, प्रफुल.

प्रफुल : मंग देशच बदलू ना. माल तोच ठेवू, देश बदलू. डग्लस जपानचा करा.

गुणवंतराव : जपानशी आपलं काय भांडण?

प्रफुल : काहीच नाई. म्हणूनच त.

गुणवंतराव : भांडणच नाई त चपलेनं हाणाचं कोणत्या हिशेबानं? त्याइनं उद्या पुसलं, का बाप्पा, आमी तुमचं काय केलं, त काय सांगाचं?

प्रफुल : रशियाचा करा.

गुणवंतराव : दोस्त हाये तो आपला.

प्रफुल : अमेरिकाबी दोस्तच होये ना?

गुणवंतराव : होये ना! म्हणूनच त राग आला! परक्यानं कर लावला असता त आपण वळूनबी पाह्यलं नसतं. कॅनडाले एवढा राग काऊन आला? सख्खा शेजारी, रोजचं येणं-जाणं, अन् त्यानंच असं करावं! परक्याच्या मालावर कोणी बहिष्कार टाकते काय? बहिष्कार आपल्याच माणसाच्या मालावर टाका लागते. तवा त्याले लागते.

सुगंधाबाई : हे मातर खरं बोलले तुमी. हे माह्याइतकं कोनाले मालूम नाई.

गुणवंतराव : आता तुहं काय मधात?

सुगंधाबाई : माह्या भावावर नाई टाकला तुमी बहिष्कार? मांगच्या मंडईपासून वारलूच्या तलावातली मासोळी या घरात बंद. त्याचे शिंगाडे बंद. त्याच्या गावचा बांबूचा सूपबी बंद. सांग प्रफुल तूच, सुपानं काय केलं होतं?

प्रफुल : बाई, मले आधी हे समजू द्या, का वारलूभाऊनं काय केलं होतं. गावात आठ तऱ्हेनं सांगते लोक.

गुणवंतराव : झोपला.

प्रफुल : कुठी?

गुणवंतराव : पह्यल्या रांगेत! खुर्चीत! मी तिकडं स्टेजवर मरून राह्यलो. छातीत गोळी लागली, मातृभूमीची माती कपाळाले लावून राह्यलो, अख्ख्या मंडपात बाया पदराले डोळे पुसून राह्यल्या, अन् हा माणूस घोरून राह्यला. माह्यापेक्षा मोठ्यानं. शेवटी मी जरा जोरात ‘आई’ म्हणलं, त जागा झाला, अन् काय म्हणते? “जवाईबापू अजून मेले नाई काय?”

प्रफुल : अऱ्या!

गुणवंतराव : सारा मंडप हासला. गोळी लागलेल्या माणसाले हासले लोक.

सुगंधाबाई : तुमीबी त किती वेळ मरून राह्यले होते. तेवढ्यात धानाची बांधी कापून झाली असती.

गुणवंतराव : कला हाये ती!

सुगंधाबाई : अन् तो रातभर जाळं टाकून आला होता. तरी जवाईचं नाटक म्हनून खुर्चीचं तिकीट काढून बसला. दुसऱ्या कोनाच्या नाटकाले गेलाबी नसता.

प्रफुल : भाऊ, एक गोष्ट सांगतो, पण आधी तुमी तो हातातला अडकित्ता खाली ठेवा.

गुणवंतराव : ठेवला. बोल.

प्रफुल : पोरीचं नाव स्वाती हाये.

गुणवंतराव : कोणत्या पोरीचं?

प्रफुल : जिले मी पसंत हाये, तिचं.

गुणवंतराव : हिच्या भाचीचं नावबी स्वातीच हाये. वारलूच्या...

सुगंधाबाई : मी चुलीकडं जातो. मासोळी करपन माही.

प्रफुल : वास मस्त येऊन राह्यला, बाई. कोणती हाये?

सुगंधाबाई : मरळ. सिंदेवाहीच्या बाजारातली. बाजारातलीच हाये, प्रफुल.

गुणवंतराव : तू थांब इथीच. म्हणजे तो येणार? मंडईले? इथी?

प्रफुल : खुर्चीचं तिकीट काढलं त्याइनं. पह्यली रांग.

गुणवंतराव : मंग त डग्लस पक्का बंद. झाडबी बंद. माह्या मरणात घोरणारा माणूस तुह्या ‘ओक्के डार्लिंग’वर जागा राहणार, अन् मी ते पाहत बसू?

सुगंधाबाई : त मंग तुमच्या भांडनात माह्या भाचीचं लगन अडवता काय? पोरीनं काय घोरलं होतं? ते पोरगी रोज फोन करून पुसते, आत्या, त्याचं काम कसं चाल्लं? काय सांगू तिले, का तुहा नवरा झाड झाला?

प्रफुल : भाऊ, तुमचा मरणाचा सीन यंदा कुठी हाये?

गुणवंतराव : तिसऱ्या अंकात. डग्लसले गाव पकडते, त्याच्या मांगून लगेच.

प्रफुल : लगेच ना? आता आयका. वारलूभाऊ मंडपात बसले का झोपणार. मी येतो, त्याइची झोप उडवतो. उडाली का पुन्हा लागाले येळ लागते ना माणसाले? तेवढ्यात तुमी मरा.

गुणवंतराव : तेवढ्यात?

प्रफुल : फटकन. डोळे उघडे असते त्याइचे. साळ्यासमोर जागेपणी मराले भेटन तुमाले. पण डग्लसच नाई राह्यला, त त्याले जागं कोण करन? तुमाले पुन्हा जोरात ‘आई’ म्हणा लागन.

गुणवंतराव : ...अन् तो रडला त?

प्रफुल : रडनच.

गुणवंतराव : पण ठराव झाला ना, लेका. समितीच्या सह्या झाल्या. अध्यक्षच फिरला त बाजूचं गाव काय म्हणन? त्याइच्याजवळ डबा हाये.

प्रफुल : कॅनडावाले काय करते म्हणले तुमी? डबा फेकते काय?

गुणवंतराव : नाई, फेकत नाई. जागेवरच राहू देते. फक्त उलटा ठेवते.

प्रफुल : मंग मले उलटा ठेवा ना.

गुणवंतराव : म्हणजे?

प्रफुल : थांबा, दाखवतो. बाई, हा दुपट्टा धरा.

(प्रफुल अंगणातल्या पेरूच्या झाडावर चढतो, फांदीत गुडघे अडकवतो आणि डोकं खाली सोडतो. सोनेरी केस लोंबतात.)

सुगंधाबाई : माय वं! पडला त सासरा पाहाच्या आधी सिधा दवाखाना पाहासीन!

प्रफुल : अख्खं गाव डग्लसले पकडते अन् चपलेनं हाणाच्या आधी वाचलेल्या दुसऱ्या सागाच्या झाडाले उलटं टांगते. आता डायलॉग आयका. “यू गाववाले लोग! ये जंगल तुमारे बाप का है क्या? ओक्के डार्लिंग!”

सुगंधाबाई : ह्या ह्या ह्या! अगा, याचे त डोळेबी उलटे दिसून राह्यले!

गुणवंतराव : हासू नको, मले विचार करू दे. माल हाये, पण उलटा हाये. म्हणजे बहिष्कार हाये. हे समितीले पटन. बाजूच्या गावानं डबा मिरवला, आपण अख्खा अमेरिकन उलटा केला! पण मंग पह्यल्या अंकापासूनच उलटा ठेवा लागन काय?

प्रफुल : नाई ना. आधी सुलटा दिसला नाई, त उलटा केला हे लोकाइले कसं समजन?

गुणवंतराव : हेबी खरं हाये.

प्रफुल : भाऊ, उतरू काय? सारं रक्त डोक्यात आलं.

गुणवंतराव : थांब. उतरू नको. मी मरून पाहतो. तू असा मांगं लोंबत असला का मी इथी, असा... पडलो. “हे माझ्या जंगला! तुझ्या सावलीत मी लहानाचा मोठा झालो. आज तुझ्याच मातीत...”

सुगंधाबाई : मेले काय?

गुणवंतराव : अजून नाई! “...तुझ्याच मातीत माझं रक्त...”

प्रफुल : भाऊ, मी जाऊन राह्यलो तुमच्या आधी.

गुणवंतराव : “...मिसळत आहे!” झालं. मेलो. कमी केलं का नाई?

सुगंधाबाई : भल्लं कमी केलं. आता उठा, पाठीले शेण लागलं. अन् तू उतर रे बाबू. तोंड पाह्य कसं मिरचीवानी झालं.

प्रफुल : म्हणजे डग्लस चालू, भाऊ?

गुणवंतराव : चालू. तिसऱ्या अंकात उलटा चालू. झाडासाठी डोमाले सांगतो, त्याले आवाजबी येते. अन् आता पाहुणाच घरी येऊन राह्यला, सोयरिक होऊन राह्यली, त वारलूवरचाबी बहिष्कार अध्यक्षाच्या अधिकारात उठवतो. सुगंधा, भावाले फोन कर. म्हणा, येताना तलावातली मरळ घेऊन ये.

सुगंधाबाई : बसा आधी. प्रफुल, तूबी बस, हात धू. हे घ्या, भात घ्या. रस्सा गरम हाये.

प्रफुल : भाऊ, काय चव हाये! ओक्के डार्लिंग!

गुणवंतराव : जेवताना इंग्रजी नको.

सुगंधाबाई : आता उठवलाच म्हनता, त सांगून टाकतो. रागावसान नोका. हे सिंदेवाहीची नाई. वारलूच्याच तलावातली हाये. मांगच्या मंडईपासून त्याच्याच तलावातली खाऊन राह्यले तुमी. स्वाती बसस्टँडवर आनून देते, मी बाजारातली म्हनून वाढतो.

गुणवंतराव : मालूम हाये.

सुगंधाबाई : मालूम हाये? कवापासून?

गुणवंतराव : पह्यल्या घासापासून. बाजारातल्या मरळीले असा रस्सा सुटते काय?

सुगंधाबाई : मंग बोलले काऊन नाई इतके दिवस?

गुणवंतराव : बोललो असतो, त बंद करा लागली असती. डोकं प्रफुलले वाढ, शेपटी मले.